अधिक नऊ

तेलंगणातल्या आमच्या बेला स्टँडवर उतरले तर समोर चहाच्या टपरीशेजारी माझाच चेहरा टांगलेला. दोन बांबूंच्या मध्ये ताणून बांधलेला फ्लेक्स. वर तेलुगूत मोठी अक्षरं, खाली मराठीत ‘गावच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन’, आणि माझ्या डाव्या खांद्याजवळ लाल गोलात +९. फोटो जुना होता, तेव्हा माझे केस लांब होते. मला एवढंच सुचलं की केस लांब असताना बरी दिसत होते. बाकी काही वाटलं नाही. बॅग टपरीच्या बाकाला टेकवून मी चहा मागितला.

गोल्फ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि आमच्या भागात तो कोणालाच माहीत नाही. या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं. मैदानाचा एक आकडा ठरलेला असतो. त्याहून कमी फटक्यांत खेळ संपवला तर तुमच्या नावापुढे वजा लागतं, जास्त लागले तर अधिक. वजा म्हणजे शाबासकी. अधिक म्हणजे अजून शीक. मला दोन दिवसांत ठरल्यापेक्षा नऊ फटके जास्त लागले होते, आणि दोन दिवसांनंतर यादीतल्या खालच्या लोकांना घरी पाठवतात, तसं मला पाठवलं होतं. लागोपाठ तिसऱ्या स्पर्धेत. ती माझी नामुष्की बेला स्टँडवर लाल गोलात झळकत होती आणि टपरीवाला चहाचे पैसे घ्यायला तयार नव्हता.

हे कोणाचं काम ते मला लगेच कळलं. आमच्या शेजारच्या काकांचं. त्यांचं गावात किराण्याचं दुकान आहे. मोबाइलवर माझं नाव टाकलं की नावापुढे एक आकडा येतो, तेवढा ते बघतात. वजा म्हणजे तोटा आणि अधिक म्हणजे नफा, हे त्यांना दुकानाच्या गल्ल्यावर बसून आयुष्यभर पटलेलं आहे. त्यात त्यांची काही चूक आहे असं मला आजही म्हणवत नाही.

बाबा मोटरसायकल घेऊन आले. बॅग आडवी करून मी मागे बसले. फ्लेक्सजवळून गाडी गेली तेव्हा बाबांनी वर पाहिलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. अर्ध्या रस्त्यात बाबा म्हणाले, “बरं झालं आली. परवा सीतादही हाये.”

मी सीतादहीसाठी आलेच नव्हते. मी बाबांना एक गोष्ट सांगायला आले होते. आपण आता खेळ सोडतोय, एवढीच. मोसमातली शेवटची स्पर्धा पंधरवड्यावर होती. ती खेळले नाही तर पुढच्या वर्षी खेळायचा हक्कच राहणार नव्हता, म्हणजे नुसतं गप्प बसलं तरी काम झालं असतं. पण हैदराबादचे माझे सर गप्प बसू देणारे नव्हते. “शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांग,” असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. मी बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. गुडीहत्नूरपर्यंत ते पाठ होतं, पुढे डोळा लागला.

हे गोल्फचं खूळ आमच्या घरात कसं शिरलं असं लोक विचारतात, तर मामामुळे. मामा हैदराबादला एका गोल्फच्या मैदानावर माळी. आमच्या गावात पुढची शाळा नव्हती म्हणून मला मामाकडे ठेवलं. सोमवारी मैदान सभासदांना बंद असायचं आणि कामगारांच्या मुलांनी खेळलं तर कोणी हटकत नसे. मी खेळायला लागले. मला यायला लागलं. यात कष्टाची, जिद्दीची वगैरे कथा नाही, पत्रकार ती दर वेळी शोधतात आणि मी दर वेळी देते. खरं म्हणजे मला चेंडू मारला की बरं वाटायचं, एवढंच होतं.

शाळेत असताना मुलींची एक स्पर्धा जिंकले. भला मोठा चषक घेऊन गावी आले. त्या वर्षी पाऊसपाणी नीट झालं, कापूस बरा झाला, आणि गावाने ठरवून टाकलं की पोरीला हातगुण आहे. तेव्हापासून गावात असले की कोणाच्या पेरणीची पहिली मूठ माझी, कोणाच्या नव्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक मी. एका काकूंनी म्हैस घेतली तेव्हा तिला पहिला चारा मी घातला. म्हैस पुढे फार दूध देत नव्हती, पण ते कोणी माझ्या नावावर लावलं नाही.

मग मी व्यावसायिक खेळाडू झाले. पहिल्याच वर्षी एका मोठ्या स्पर्धेत दुसरी आले, वजा सात. वर्तमानपत्रात मला ‘आशास्थान’ म्हटलं. हा शब्द मला बसस्थानकासारखा वाटतो. सगळे येऊन थांबतात आणि गाडीचा पत्ता नसतो. पण तेव्हा मी खूश होते, अगदी उड्या मारत गावी आले होते. आणि गावात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. आईने न विचारता ताटात पुरणाची पोळी वाढली. बाबा माझ्याकडे बघायचे आणि नजर वळवायचे. शेजारचे काका ओसरीवर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “होईन, पोरी. पुढच्या डावाले होईन. मन लहान नको करू.”

मी समजले. यांना दुसरी चालत नाही. यांना पहिलीच लागते.

त्यानंतर मी जे काही केलं ते त्या हाताखाली बसून केलं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत सराव, हाताच्या सालपटांवर चिकटपट्ट्या. सर म्हणायचे जरा थांब, पण मी थांबत नव्हते. दुसरी येऊन काकांचा तो हात डोक्यावर पडणार असेल तर आपल्याला पहिलंच यायला हवं. आणि मग कधीतरी माझा हात गेला.

गेला म्हणजे तुटला, सुजला असं काही नाही. चेंडू लांब मारायला काही अडचण नव्हती. पण अगदी शेवटचा, चेंडू भोकात ढकलायचा छोटा फटका असतो, त्याला पट म्हणतात. कोणतंही पोर मारेल असा. तो मारायची वेळ आली की माझा उजवा हात थिजायचा आणि मग एकदम हिसका द्यायचा. चेंडू भलतीकडे. डॉक्टरांनी तपासलं, नसा ठीक आहेत म्हणाले. मन शांत ठेवा म्हणाले. माझं मन शांतच होतं, तीच तर भानगड होती. हरल्यावर रडू येत नव्हतं, चांगला फटका बसला तर आनंद होत नव्हता. जेवताना चव कळायची पण जेवावंसं वाटायचं नाही. भूल दिलेला दात जिभेला लागतो तसं मी स्वतःला लागत होते.

अशी मी घरी आले होते, आणि स्टँडवर अभिनंदन टांगलेलं.

त्या संध्याकाळी वाक्य बाहेर पडलंच नाही. मी “बाबा” म्हणाले, तेवढ्यात काका पेढे घेऊन आले. दुकान बंद करून आले होते, अंगात इस्त्रीचा सदरा.

“काय व, पाह्यला का फ्लेक्स? आदिलाबादले जाऊन छापून आणला. छापणाऱ्याले मराठी येत नोतं, दोनदा सुधरवा लागला.”

“पाहिला, काका.”

“अधिक नऊ. वा. मागच्या डावाले अधिक सहा होतं, थ्याच्या आंधी अधिक चार. अन् आता नऊ.” ते बाबांकडे वळले. “पोट्टी चढून राह्यली, दादा.”

बाबा म्हणाले, “हो.”

“परवा तुमची सीतादही हाये ना? मंग दुपारून पारावर सत्कार ठेवतो. शाल, नारळ, साडी. आपल्या गावात असं कोणाचंच झालं नाई.”

मी म्हणाले, “काका, ते अधिक म्हणजे तसं नसतं.”

“असू दे, असू दे,” काका म्हणाले. “मोठे मानसं असंच म्हनतात.” आणि माझ्या तोंडात पेढा घातला. पेढा तोंडात असताना माणसाला खुलासा करता येत नाही. मी गिळेपर्यंत ते आईला साडीचा रंग विचारत होते.

बाबांना कसं सांगायचं हा प्रश्न आता दुप्पट अवघड झाला होता. हरलेल्या मुलीने खेळ सोडला तर लोक समजून घेतात. जिंकत सुटलेल्या मुलीने सोडला तर तिला वेड लागलं म्हणतील आणि ते बाबांना ऐकावं लागेल. असा विचार मी केला खरा, पण तोही कोणा दुसऱ्याच्या घरचा असल्यासारखा.

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. ती झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी बोंडाला हात लावत नाही. सकाळी आई, मी आणि वेचणीला आलेल्या बाया शेतात गेलो. आईने धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, एका झाडाखाली पाच खडे मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य ठेवला. नंतर दहीभात तासांत, कापसाच्या ओळींमध्ये, शिंपडला. मग घरातल्या कोणीतरी पहिलं बोंड वेचायचं. आमच्या घरात ते मीच, हातगुणामुळे.

बाया कमरेला ओट्या बांधून उभ्या होत्या. मी वेचल्याशिवाय त्यांना सुरुवात करता येत नव्हती. झाड कमरेएवढं, बोंड चार पाकळ्यांनी उघडलेलं, कापूस बाहेर लोंबलेला. तो बोटांच्या चिमटीत धरून अलगद ओढायचा असतो. लहानपणी मी दोन्ही हातांनी वेचायचे.

मी चिमटीत धरला आणि हात थिजला.

अगदी तसाच, मैदानावर थिजतो तसा. बोटं आहेत, कापूस आहे, मध्ये काही नाही. मी हाताला ओढ म्हणत होते आणि हात ऐकत नव्हता. सगळ्या बाया बघत होत्या. कोणीतरी खोकलं. आई म्हणाली, “घे ना, बाई. ऊन चढून राह्यलं.”

बाबा धुऱ्यावर पाण्याची कॅन घेऊन उभे होते. ते एकदम मोठ्याने ओरडले, “अरे, थे बैल कोणाचे शिरले पाहा तिकडे!” सगळ्या माना तिकडे वळल्या. त्या बाजूला कोणाचेही बैल नव्हते. तेवढ्यात माझ्या हाताने हिसका दिला. अर्धा कापूस बोंडातच राहिला आणि अर्धा वाळक्या पानांच्या चुऱ्यासकट माझ्या हातात आला. आईने तो चुरा न निवडताच खड्यांपाशी ठेवला. बाया तासांत शिरल्या. बाबा कॅन ठेवून मोटर चालू करायला गेले.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी बाजूला बसून उरलेला दहीभात खाल्ला.

सत्कार दुपारून पारावर झाला. शाळेतली पोरं पहिल्या रांगेत बसवली होती. काकांनी भाषण केलं. हा खेळ कसा असतो ते आपल्याला कळत नाही, पण आकडा कळतो, असं ते म्हणाले. मागच्या दोन स्पर्धांचे आकडे त्यांना पाठ होते. “पुढच्या डावाले हे पोरगी अधिक वीस करन,” असं त्यांनी जाहीर केलं आणि टाळ्या वाजल्या. मला शाल दिली, नारळ दिला. काकांच्या बायकोने साडी देऊन ओटी भरली. मग काका म्हणाले, दोन शब्द बोल.

मी उठले. आता सांगून टाकावं असं माझ्या मनात होतं. मी हरले आहे, तीनदा हरले आहे, आणि आता सोडणार आहे. सगळं एकदाच. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशात मोबाइल ठेवला होता आणि त्यावर हात ठेवून ते बसले होते. मी आभार मानले आणि खाली बसले. पुन्हा टाळ्या वाजल्या. शालीत खूप गरम होत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी बाबा बाजारासाठी वांगी तोडत होते, मी टोपली घेऊन गेले. दोन सऱ्या झाल्यावर मी वाक्य काढलं, पण बसमध्ये पाठ केलेलं ते नव्हतंच.

“बाबा, ते अधिक नऊ चांगलं नसतं.”

बाबांनी वांगं टोपलीत टाकलं. “मालूम हाये.”

“म्हणजे?”

“कमी असलं का चांगलं. वजा पाह्यजे. तू तीनदा भायेर पडली.”

“तुमाले कधीपासून माहीत?”

गावी आले की माझीही भाषा मधूनच बदलते. बाबा उभे राहिले, कंबर सरळ केली.

“तू दुसरी आली होती ना, वजा सातवाली. थो दुकानवाला आला माह्याजवळ, पायरीवर बसला. म्हने दादा, पोट्टी सातानं मांगं पडली, तिले काही बोलू नका. मलेबी तसंच वाटलं. तुह्या मायनं पोळ्या केल्या का पोरगी हरून आली म्हून. तू हासत होती तं मले वाटे, वरवर हासून राह्यली.”

मी टोपली खाली ठेवली.

“मंग तू गेल्यावर तुया मामानं फोनवर सांगतलं, भाऊजी, दुसरी आली, लय मोठं काम केलं. तवा समजलं. मंग कोणाले सांगू? आपल्याच पोरीचा खेळ आपल्याले समजत नाई, हे सांगाची लाज वाटली. तुलेबी नाई सांगतलं.”

ती पुरणाची पोळी, त्या वळवलेल्या नजरा, डोक्यावरचा हात. ज्या गावाला दुसरा नंबर चालत नाही म्हणून मी हात झिजवला, ते गाव त्या दिवशी माझं सांत्वन करत होतं. ते माझ्याकडे काही मागतच नव्हतं. मी तिथे उभी राहून हे जुळवत होते आणि बाबा पुन्हा वाकून वांगी तोडत होते.

“मग आता तरी काकांना थांबवायचं. फ्लेक्स कशाला लावू दिला?”

“थो छापून घेऊन आला तवा मी म्हनणारच होतो.” बाबांनी एक किडकं वांगं धुऱ्याकडे फेकलं. “मंग मनात आलं, तवाचा सत्कार राह्यलाच होता तुहा. होऊ दे. तू थो तवाचा समज.”

मी टोपली पुढच्या झाडापाशी सरकवली. मग मी म्हणाले, “बाबा, माझा हात चालत नाही.”

“काल पाह्यलं मी.”

“सोडावं म्हणते.”

“सोड ना मंग. वांगे तोडाले मानूस लागतेच.” त्यांनी टोपली उचलून माझ्याकडे दिली. “पन गावासाठी सोडू नको अन् गावासाठी खेळूबी नको. गावाले त्यातलं काही समजत नाई.”

दुपारी मी सरांना फोन केला. नाही म्हणायचं असं काही ठरलं नव्हतं आणि हो म्हणायचंही ठरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, आणि मी “नाव टाका” म्हणाले. आवाजात काही नव्हतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

निघाले त्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स नव्हता. वाऱ्याने एक बांबू पडला होता, तेव्हा बाबांनी फ्लेक्स सोडवून आणून घरातल्या कापसाच्या गंजीवर टाकला होता. काका म्हणाले, काही काळजी नाही, पुढचा वीसचा करू. मी बरं म्हणाले.

शेवटच्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, पहिल्याच भोकापाशी, चेंडू दोन हातांवर होता. मी वाकले आणि उजवा हात थिजला, नेहमीसारखा. मला ते ओळखीचंच होतं, म्हणून मी वाट बघत राहिले. तेवढ्यात मला काका आठवले, सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून बसलेले. हा चुकला तर घराकडे एक माणूस खूश होणार होता. मला हसू आलं. हसताना हात हलला, हिसका न देता, आपल्या आपण.

चेंडू भोकाच्या काठाला लागला आणि बाहेर गेला.

काकांसाठी एक वाढला होता. माझा एक वाया गेला होता. आणि मला वाईट वाटलं. आत कुठेतरी चिमटा बसला, डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी चेंडू चुकला म्हणून वाईट वाटत होतं. काठाशी थांबलेला तो चेंडू मी भोकात ढकलला, काढून पँटला पुसला आणि पुढच्या भोकाकडे चालू लागले.